हाक आली तरी

वाळपईला जानेवारीत अशी थंडी पडते
की खोबरेल बाटलीतून उतरत नाही.
बाटली चुलीच्या कडेला ठेवली,
पातळ होईपर्यंत भेंड्या पुसून घेतल्या,
एकेक, टॉवेलने.
नऊ महिने बोटीवर एका वेळी तीन हजार ताटं,
आणि इथे दोन माणसांसाठी पाव किलो भेंडी.

आज सोमवार. आई सोमवारी शिवराक.
म्हणजे सुंगटं नाहीत. खेकडे नाहीत.
म्हापशाहून आणलेली चवरीसाची माळ
वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजच्या तळाशी आहे,
आणि ती तिला ठाऊक नाही असं मी धरून चालतो.

लूथर असता तर आधी हसला असता,
मग म्हणाला असता, उपासाच्या चाळीस दिवसांत
माझी म्हातारीसुद्धा बिनमांसाचा करायची,
सात तऱ्हेच्या पाल्याचा,
आणि मला तोच जास्त आवडायचा.
गंबो म्हणजे काय, असं पहिल्या दिवशी विचारलं
तर त्याने एक भेंडी माझ्या नाकासमोर धरली.
हेच. त्याच्या आजीच्या आजीच्या मुलखात
भेंडीचं नावच ते.
मी म्हटलं, आमच्याकडे हिला कोण विचारतो.

तेलात पीठ पडलं की ढवळायला लागायचं.
आधी सायीचा रंग,
मग उकड्या तांदळाचा,
मग भाजलेल्या काजूचा,
मग पावसात भिजलेल्या चिऱ्याचा. तिथे थांबायचं.
त्याच्या पलीकडे एकच पाऊल, आणि सगळं परसात ओतायचं.
लूथर सांगायचा, या पाऊण तासात
कोणी तुझं नाव घेऊन हाक मारली
तरी वळू नकोस.

हे मला नवीन नव्हतं.
म्हादईच्या काठाने अंधारात परतताना
आई माझं मनगट धरून हेच बजावायची.
मागून नावाने हाक आली तर ओ द्यायची नाही.
देवचार दोनदाच हाक मारतो.
तिसरी ज्याची येते, तो माणूस.

काजूचा रंग आला तेव्हा फोन वाजला.
मिठाच्या बरणीला टेकून ठेवलेला,
पडद्यावर मुंबईच्या एजन्सीचा नंबर.
मायामीची बोट असणार, फेब्रुवारीची,
मागच्यापेक्षा दीडशे डॉलर वर.
उजवा हात डावावर.
डावा हात रिकामा होता, खोटं कशाला बोलू.
वाजून वाजून थांबला.
मी कडांवरचं पीठ सोडवत राहिलो.
पुन्हा वाजला. बरणीतलं मीठसुद्धा थरथरलं.
मग नुसता चुलीचा आवाज,
आणि खाली रस्त्यावर पोदेराचा भोंगा.

चिऱ्याचा रंग आला. कांदा टाकला, ढोबळी मिरची टाकली.
लूथरची सेलरी वाळपईच्या बाजारात कुठली,
तांबड्या भाजीचे देठ चिरून घातले.
रस्सा लालसर झाला, त्याला काही इलाज नाही.
पाणी, भेंड्या, आंबटाला दोन सोलं.
आई शाल कानांवरून घेऊन आली,
वाकून वास घेतला,
आणि न विचारता सहा तिरफळं ठेचून आत सोडली.
लूथर, माफ कर.

जेवताना चुलीपाशीच बसलो.
तिच्या ताटापासून ओठापर्यंत
भेंडीची एक तार लांबत गेली,
तिने ती बोटाने गुंडाळून तोडली.
"खतखतें न्हय हें."
"नव्हेच."
"आनी मातशें वाड."

नंतर हात धुताना म्हणाली, फोन व्हाजतालो.
"कितीदा?"
"दोन फावटीं," ती म्हणाली,
आणि हात पुसायला आत गेली.

धुकं अजून माडांच्या कमरेशी होतं.
थंड पाण्याने बोटं बधिर झाली.
भांडं घासलं, उजेडाकडे धरून पाहिलं.
तळ लागला नव्हता.