फुटाला एक सूत

खिडकीत तो पर्याय नाही.
वरच्या पट्टीत नाही, उजव्या क्लिकच्या पोटात नाही,
प्रेफरन्सेसचे सात टॅब सात वेळा हिंडून आलो.
रंग बदला, आवाज बदला, ग्रीडची जाळी बारीक करा,
पण ओतलेलं बीड निवताना आखडतं
हे त्या प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या कानावर
कुणी घातलेलंच नाही.

म्हणून रात्री साडेनऊला,
उद्यमनगरात शेवटची भट्टी विझत आली की
मी काळी खिडकी उघडतो.
तिच्यात चित्र नाही, बटण नाही,
'तुम्हाला नक्की बदलायचं आहे का' नाही.
एक उभी रेघ लुकलुकते.
बोल, म्हणते. नीट बोल.

आधी वाच.
हे मगदूम मामांनी शिकवलं, कॉम्प्युटरला बोट न लावता:
'रंधा मारायच्या आधी कालचं माप वहीत उतरून घ्यावं,
चुकलं तर परत यायला वाट पाहिजे.'
वाच म्हणतो, आणि दोनशे ओळी
धडाधडा पडद्यावरून घसरतात,
मी कधीच न मागितलेल्या माझ्या आवडीनिवडी.
भाषा: अमेरिकेतली इंग्रजी.
कागद: लेटर, जो लक्ष्मीपुरीत एका दुकानात मिळेल तर शपथ.
शेवटची फाइल: पंपाची केसिंग, नवी, नवी, फायनल.
प्रमाण: एक.
हे सगळं कुणी ठरवलं?
कुणी ठरवलं नाही, म्हणून तर असं आहे.

मग लिही.
प्रोग्रामचं नाव, किल्लीचं नाव, एक पूर्णांक शून्य एक.
एंटर.
काही होत नाही. 'झालं' एवढंही म्हणत नाही.
मामा तसेच. पसंत पडलं की गप्प,
तोंड उघडलं तर समजायचं, फळी वाया.

सकाळी परत एक.
तीन रात्री मी लिहिलं, तीन सकाळी पुसलेलं.
दस्तगीरवर संशय घेतला, त्याच्याशी भांडलोसुद्धा.
चौथ्या दिवशी उमगलं:
प्रोग्राम रात्रभर खाली दडून जागाच असायचा,
सकाळी दस्तगीर बिचारा येऊन तो बंद करायचा,
आणि जाता जाता प्रोग्राम
त्याच्या डोक्यात होतं तेच
माझ्या लिहिण्यावर लिहून जायचा.
आधी पूर्ण बंद कर.
मग लिही.

हेच पुण्याच्या सपोर्टला कळवलं,
'मी बंद करून बघतो, मग सांगतो.'
उत्तर आलं, 'थँक यू सर.'
मामांचा चहा बशीबाहेर गेला.
'सर! ऐकलंस का रे दस्तगीर, आमची पोरगी सर झाली!'

आता त्या पुणेकराला कसं सांगायचं,
माझी आई असंच बोलते, मावश्या असंच बोलतात,
मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सगळ्याच पोरी
आलो, जेवलो, चाललो.
शाळेत बाईंनी लाल पेनानं 'आलो'चं 'आले' केलं,
एकदा पट्टीनंही केलं.
वहीत ते टिकायचं.
दप्तर बंद करून घरी आलो की
परत आलोच.
दुरुस्ती पाठवली नाही. थँक यू राहू दे तसंच.

प्रिंट काढून मामांपुढे ठेवली.
त्यांच्या खिशात पितळी पट्टी असते,
तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा लांब,
बीड आखडणार तेवढं आधीच धरलेला.
वाण्याकडं तिला कुणी फूट म्हणणार नाही,
पण तिच्यावर कापलेलं गेली चाळीस वर्षं
भट्टीतून नेमकं बाहेर पडतंय.
पट्टी कागदावर ठेवली. चष्मा वर केला.
आणि बोलले.

'थोडं कमी पडतंय गं.'

'मामा, शंभरावर एक धरलाय.'

'शंभर कशाला मोजतीस?
फुटाला एक सूत.
हिशेब कर.'

केला. शहाण्णवावर एक.
एक पूर्णांक शून्य एक शून्य चार.

प्रोग्राम बंद करतो. खाली दडलाय का, वाकून बघतो.
नाही.
काळी खिडकी उघडतो.
आधी वाच.