माया

कंबर साडेचोवीस. माझ्या वहीतली तिची पहिली नोंद,
शिसपेनीने, संडरलंडच्या थिएटरच्या तळघरात,
जिथे पाइप गळायचा आणि इस्त्री पोळायची.
डिलिस प्रॉथेरो. कोरसमध्ये डावीकडून चौथी.
हात वर करून उभी राहिली आणि म्हणाली,
जरा सैल ठेव हं, मी बरगड्यांनी गाते.

मी दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया सोडली.
शिवणीत दडवलेल्या जास्तीच्या कापडाला
आमच्याकडे मायाच म्हणतात,
हे तिला सांगायला मला सहा वर्षं लागली.
इंग्रजीत त्याला भत्ता म्हणतात. ती खूप हसली.

स्वान्सीच्या मासळीबाजारात तिचा बाप बर्फ फोडायचा.
त्या ठणठणाटावरून हाक पोचवायची
तर आवाज नाकात ठेवून भागत नाही, म्हणायची,
पोटातून काढावा लागतो, अख्खा, काट्यासकट.

मग ती बदली झाली. मुख्य नटीची बदली.
सगळी गाणी पाठ, सगळ्या हालचाली पाठ,
आणि पडदा वर जाईपर्यंत जिन्यात बसून
दुसरीच्या खोकल्याची वाट पाहायची.
टणटणीत बायका होत्या एकेक!
सर्दी झालीच तर रविवारी, खेळ नसताना.
डार्लिंग्टन, हॅलिफॅक्स, पुन्हा संडरलंड.
तिच्या मापाचा हिरवा झगा प्लास्टिकमध्ये टांगलेला,
अकरा वर्षं.
न घातलेला झगा मी दर सप्टेंबरात उसवायचे
आणि थोडा मोठा करून पुन्हा शिवायचे.
पंचवीस. साडेसव्वीस. अठ्ठावीस.
आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नव्हतो.

एका गुरुवारी दुपारच्या खेळाला इतका बर्फ पडला
की मुख्य बाईंची गाडी डरहमजवळ अडकली.
प्रेक्षक तेवीस. आणि एका आंधळ्या गृहस्थांचा कुत्रा.
झग्याचा शेवटचा हूक लागेना.
होती नव्हती ती माया मी उभ्या-उभ्या काढली,
ती श्वास सोडून थांबली, मी दात लावून दोरा तोडला,
जा, म्हटलं.

दुसऱ्या अंकातलं ते गाणं मी विंगेतून
पाचशे वेळा तरी ऐकलं असेल.
तिने वरचा सूर लगेच घेतला नाही.
त्याच्या दारात क्षणभर उभी राहिली,
पाहुण्याने पाय पुसावेत तशी,
आणि मग आत गेली.
खाली वाद्यवृंदात एकाने मान वर केली.
कुत्र्यानेसुद्धा.

माझे वडील मिरजेत संगीत नाटकांना ऑर्गन वाजवायचे.
तिथे असती तर लोकांनी तिला
तीनदा गायला लावलं असतं. वन्समोअर.
शब्द इंग्रजांचा, पण हट्ट आमचा;
इथे कुणी तो ओरडत नाही, टाळ्या देतात, नीट, मोजून.
माझ्या घशापर्यंत आला होता.
तोंडात टाचण्या होत्या.

रात्रीच्या खेळाला रस्ते मोकळे झाले. बाई आल्या.

पुढचं सगळं लवकर झालं.
ब्लॅकपूलला नाताळच्या नाटकात परीची मावशी,
दोन हिवाळे जहाजावर, जेवणाऱ्यांसमोर,
मग चर्चच्या हॉलमध्ये शाळकरी मुलं,
आठवड्याला तीन तास, हीटर स्वतःचा.

गेल्या महिन्यात थिएटरने जुने कपडे विकायला काढले.
हिरव्या झग्याला पंधरा पौंडांची चिठ्ठी.
खरेदीवेळी मी शिवणीबद्दल काही बोलले नाही.
घरी आणून खिडकीशी धरला तर
बगलेखाली जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा,
एकीबाहेर एक, बारीक, उजेड पाझरणाऱ्या.

डिलिस चहाला आली होती. गुडघा दुखतो हल्ली.
चष्मा लावून तिने त्या रांगा बोटाने मोजल्या,
मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.
मग म्हणाली, पाठीत घट्ट होता बरं का त्या दिवशी.
मी म्हटलं, माहीत आहे.
चहा निवत होता. तिने हळूच, ओठ न उघडता,
तो वरचा सूर एकदा चाचपून पाहिला.