दाभण

व्लिसिंगेनच्या धक्क्यामागे माझं दुकान आहे.
पिठाची पोती शिवतो, कधी एखाद्या होडीचं जुनं शीड.
टाका सरळ पडतो म्हणतात लोक.
पडतो.
हात थरथरला तो एकदाच, आणि तेव्हा मी शिवत नव्हतो.

जहाजावर पाणी माणशी अर्धा पेला झालं होतं.
कप्तान रेकमनं केपहून लिंबाची दोन रोपं आणलेली,
अर्ध्या पिंपात लावलेली, केबिनच्या खिडकीशी.
त्यांना सकाळ-संध्याकाळ एकेक भांडं.
एव्हर्ट, चौदा वर्षांचा,
रात्री पानांवरचं दव चाटताना सापडला.
चाळीस फटके.
मोजणारा बारावर चुकला
आणि पुन्हा एकपासून सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, शिवायला.
आमच्यात शेवटचा टाका नाकातून घालतात,
जीव असेल तर ओरडेल म्हणून.
मी दाभणाला मेण लावलं. पुन्हा लावलं.
ओरडला नाही.
पायाशी तोफेचे दोन गोळे बांधायची रीत;
त्याला एकच पुरला असता.

त्या रात्री मी खाली, कंदिलाशी,
शिडाचा फाटका कोपरा सांधत होतो.
डोक्यावर फळ्या वाजल्या.
अनवाणी पाय, पुष्कळ.
मग बूट, थोडे.
मग बूट नाहीत.
युर्यन जिन्यात वाकला, हातात कुऱ्हाड.
'दाउवे, येतोस की नाही?'
म्हटलं, एवढी शिवण संपवतो.

(हेच वाक्य मी पुढे न्यायाधीशांसमोर म्हणालो.
ते हसले. मला सोडलं.)

वर गेलो तेव्हा उजाडत होतं.
कप्तानाला कठड्यावरून लोटताना
त्यानं दोरखंड धरला असावा.
बोटं अजून तिथेच होती, चार.
रात्रीचा सदरा खिळ्याला अडकलेला.
सदऱ्याची शिवण माझी.
ती उसवली नव्हती, माणूस उसवला होता.
सायबोल्टनं फळ्या धुवायला समुद्राची बादली ओढली,
मग गोड्या पाण्याच्या पिंपाकडे गेला,
भांडं भरलं
आणि लिंबांना घातलं.
सवयीनं.
कोणी काही बोललं नाही.

सात अधिकारी. एकही मला शिवायला मिळाला नाही.
मी मात्र कापड फाडून ठेवलं होतं, सात तुकडे, ज्याच्या त्याच्या उंचीचे.
घडी घालून पिशवीत टाकलं.
चांगलं कापड कोण फेकतं?

दोन वर्षांत बारा जण सापडले,
कोणी कादिझच्या गुत्त्यात, कोणी आईच्या दारात.
मला बोलावणं आलं.
वाटलं, साक्षीला.
कारकून म्हणाला, तोंडावर ओढायला बारा पिशव्या हव्यात,
पिशवीमागे सहा स्टायव्हर, परवापर्यंत.

मापं घ्यावी लागली नाहीत.
थंडीच्या टोप्या त्यांना मीच शिवून दिल्या होत्या.
सायबोल्टचं डोकं भोपळ्याएवढं.
वोल्फर्टला डावा कान नाही, तिथे कापड ढिलं राहतं.
युर्यनची पिशवी सगळ्यांत आधी संपवली.
मायन्डर्टच्या पिशवीची शिवण बाहेरच्या बाजूला घातली,
त्याची कातडी उन्हानं सोलायची,
टोचलं असतं.

वाऱ्याचा दिवस होता.
बारा जण डोलकाठीच्या आडव्या दांड्यावर हलत होते, सगळे एका दिशेला.
गर्दीतली एक बाई शेजारणीला म्हणाली,
'पिशव्या बघ, किती नीट बसल्यात.'

घरी येऊन पिशवी उपडी केली
तर सात तुकड्यांतून उरलेली तेरावी निघाली.
कधी शिवली आठवत नाही.
दार लावून घालून पाहिली.
बसते.

आता बायको तीत कांदे ठेवते.
दमट हवेतही एक टाका सुटला नाही, म्हणते,
आणि खुंटीला टांगते,
चुलीच्या वर,
माझ्या उंचीवर.