सोळावा भाग

तोंग्योंगच्या मासळीबाजारामागं
माल्सुनचं केस कुरळे करायचं दुकान.
डोक्याला गुलाबी रिळं गुंडाळून तिघीजणी,
कोपऱ्यात टीव्ही, आवाज बंद.

"ते राजवाड्यातलं बघ," कालवं सोलणारी ग्वीर्ये सांगते,
"राणी विष पिते, पण आधी
दासीच्या गारठलेल्या बोटांवर फुंकर घालते.
मी तेवढ्यासाठी दोनदा पाहिलं."

"छे, त्या वकिलिणीचं बघ.
खटला हरली की आईकडं जाते,
दोन वाट्या भात खाते.
आई विचारतही नाही काय झालं.
घास अडकतो तो आपल्या घशात."

माल्सुन एकेक रीळ सोडवत हसते.
तिला आवडतात साध्या:
बस-थांबा, दोघांत एक छत्री,
आणि मनातलं बोलायला
पंधरा भाग घेणारा मुखदुर्बळ बाप्या.

"आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं घेतली,
आणि बोलले काय, तर मीठ दे."
खिदळतात सगळ्या.
औषधाच्या उग्र वासानं
एकीच्या डोळ्यांत पाणी. वासानंच.

"मग त्या बाप्याचं शेवटी काय होतं?"
"काय की. सोळावा भाग मी बघत नाही."
"कुठलाच?"
"कुठलाच."

तिच्या फोनमध्ये बावीस मालिका,
पंधराव्यावर थांबवलेल्या.
बावीस माणसं दारात उभी,
ओठ किंचित उघडे,
बोलायच्या बेतात.

बाहेर बोटी धक्क्याला लागतात.
ती पुढच्या डोक्यावर पाणी सोडते,
मानेखाली हात धरून.
"चटका नाही ना बसत?"