माफी

गिरेसुनच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
पाच डॉक्टर मिळून ठरवतात
माझी एल्वान किती टक्के नाही.

टक्के भरले तर मोटारीवरचा कर माफ.
चैन नव्हे हो.
आमचं घर वर, हेझलनटच्या बागांच्याही वर,
बस खालच्या पुलाशीच वळून माघारी जाते,
आणि एल्वानला नववं संपत आलंय.
माझ्या पाठीला एकावन्न.

कागद सगळे आणलेत :
जन्माचा दाखला, मेंदूचे फोटो,
कवच-फोडणीच्या कारखान्यातली पगाराची पावती,
तिच्या आईच्या मृत्यूचा दाखला
(तो कुणी मागितला नव्हता. फाइलमध्ये असतोच.)

जिन्यात तिला पायरीवर टेकवलं,
श्वास आवरला, आणि तिच्या कानात म्हणालो,
"कोकरा, आज काही धरू नकोस."

कारण मागच्याच महिन्यात, एका संध्याकाळी,
तिनं चहाचा पेला धरला होता.
स्वतःच्या बोटांनी.
अर्धा सांडला. पण धरला!
मी शेजारच्या फेरिदेबाईंना ओढत आणलं
आणि नुसता रिकामा पेला दाखवत राहिलो,
त्यांना वाटलं, साखर मागतोय.
हे मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

आत एका डॉक्टरबाईंनी पेन पुढे केलं.
निळं, चकचकीत टोपणाचं.
एल्वाननं पेनाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
हात उचलला गेला, थोडासा,
हवेत थांबला,
आणि मांडीवर परत गेला
शहाण्या मुलीसारखा.

बाईंनी लिहिलं :
पकड नाही.
सांगितलेलं समजत नाही.

सांगितलेलं समजत नाही.

खालच्या कचेरीत शिक्का बसला,
ओला, जांभळा, जरा तिरका.
"सुटलात, सादेत्तिन बे," कारकून म्हणाला,
आणि मी चक्क आभार मानले.

गाडी करड्या रंगाची आहे.
वळणावर काळा समुद्र दिसला की
एल्वान काचेला कपाळ लावते.
पाठ आता दुखत नाही.

रात्री तिच्यापुढे पेला ठेवतो.
गरम नाही, बघ. अर्धाच भरलाय.
"धर, कोकरा. आता धर."

हात मांडीवर ठेवून
ती माझ्याकडे बघत राहते.

चहा निवत जातो.