दुहेरी टीप

गुंफाबाई दोरा दातानंच तोडायची,
कात्री फक्त कापडाले.

पोळ्याआधी बैलाची झूल शिवताना
पांढरा दोरा लाल निघाला.
समोरचा दात हलत होता,
ओल्या मातीतल्या खुंट्यावाणी.

आर्वीच्या डॉक्टरनं हिरड्या पाह्यल्या
अन् बोट मागितलं.
"दुखते दात, टोचता बोट?"
ती हसली. सुई का नवी हाये तिले!
थेंबात मात्र दोनशे ऐंशी साखर.

"साखर हिरड्या सडवते, बाई,
आणि सडक्या हिरड्या साखर चढवतात."

"म्हंजे वरचा दोरा अन् बॉबिनचा,
एकमेकाले धरून.
मंग दोन्हीकून उसवा लागन."

आता जेवणाआधी गोळी.
कात्री गळ्यात, नाडीले बांधलेली.
तरी शिवण संपली
का मान खाली जाते,
तोंड अर्धं उघडते.