बारा थाऊ

काटा लालात गेला ते मी पाहिलं होतं.
पाहिलं नाही असं केलं,
कारण शेजारच्या सीटवर नवरीचा मामा
मनगटावरचं घड्याळ माझ्या तोंडापुढं धरून बसलेला.
बारा पस्तीसचा मुहूर्त, देवणी अजून सहा किलोमीटर.
पाण्याचा कॅन मागं होता, रिकामा;
वऱ्हाडातल्या पोरांनी आंब्याचे हात धुतलेले.

अक्षता वेळेवर पडल्या.
ओम्नी मांडवामागं वाफ सोडत उभी,
आवतन देऊन पान न वाढलेल्या पाहुण्यासारखी.

उदगीरला व्यंकट पांचाळानं हेड उतरवलं,
रॉकेलनं धुतलं, जाड काचेवर पालथं घातलं.
पलीकडून बॅटरी लावली, मला म्हणाला, वाक.
मधोमध उजेडाची फट,
दार नीट न लागलेल्या खोलीची असते तशी.
मग गेजची पाती, एकेक.
आठ गेली. दहा गेली.
बारा अडली, मग गेली.
"बारा थाऊ," तो म्हणाला,
सुतकाचे दिवस सांगावेत तसा.

मी म्हणालो, घासून टाका की.
लातूरला मशीन आहे, तासाभराचं काम.
त्यानं कॅमचा दांडा उचलला, हेडाच्या बोगद्यात ढकलला.
दोन घरं सरकला. तिसऱ्यात रुतला.
"तोंड घासून सरळ होतंय बाबा.
पाठीच्या कण्याचं काय करतोस?"

दोन बोटं जाडीचा लोखंडी पाट.
त्यावर हेड, दोन्ही टोकांखाली
बिस्किटाच्या डब्यातून कातरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या,
बोल्ट फक्त मधले.
पाव फेरा, थांबायचं. पाव फेरा.
"वाकलंय त्याहून जरासं उलटं धरायचं
आणि आगीच्या हवाली करायचं.
आपण ओढाताण करायची नाही."

आग गफूरभाईच्या बेकरीतली.
रात्री दहाला शेवटचे पाव निघाले,
निखारे ओढून काढले.
गफूरभाईनं चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर भिरकावला.
काळा. "अभी नको."
अर्ध्या तासानं पुन्हा चिमूट.
काळाच, पण सावकाश.
मग एकदाचा बदामी.
पाव सरकवायच्या लांब फावड्यावरून
माझ्या गाडीचं डोकं आत गेलं.
तोंडाला पत्रा, पत्र्याला विटा.

ओट्यावर आम्ही तिघं.
गफूरभाईच्या सासूचं मोतीबिंदू झालं, त्यावर बोलणं झालं,
पत्र्यांचे भाव झाले.
व्यंकट म्हणाला, बीड असतं तर तडकलं असतं,
हे निदान वाकलं.
तेव्हा मी सांगून टाकलं:
काटा मला दिसला होता.
त्यानं विडी विझवली.
"सगळ्यांनाच दिसतो."

पहाटे चारला पाववाली पोरं आली, विटांना हात घालायला लागली.
गफूरभाई ओरडला, बसा खाली,
अपने आप थंडं होऊ द्या.
उदगीरला त्या दिवशी पाव
दोन तास उशिरा मिळाला
आणि का ते कुणालाच कळलं नाही.

हेड निघालं, कोमट, टोस्टच्या वासाचं.
बोल्ट सोडले तेव्हा एक बारीक टिक् झालं.
दांड्याला तेल लावून ढकलला:
तिसरं घर, चौथं. बोटानं फिरला.
काच, बॅटरी, पाती.
दोन थाऊ उरले होते.
"पुन्हा घालायचं?"
"नको. एवढं गॅस्केट ऐकून घेतंय."

रात्री घरी येताना एकदम आठवलं:
ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं.
देवणीच्या त्या सहा किलोमीटरात
मामा सारखा या कुशीचा त्या कुशीला होत होता,
धोतर उचलून धरत होता,
चटका बसत असणार
आणि घड्याळ तेवढं मला दाखवत होता.

दिवाळीनंतर त्याचाच फोन आला, बारशाला जायचंय.
कॅन मी स्वतः भरला, दोन भरले.
मामा आला, पुढचं दार उघडलं,
सीटवर तळहात टेकवून पाहिला,
दार लावलं,
आणि मागं जाऊन बायकांत बसला.